स्टेपलर अडकला की कागद उलटा करून बघा

गोव्यात डिचोलीला झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले तेव्हा मोठं मशीन मी दोन दिवसांत शिकले. स्टेपलरला दोन महिने लागले. जूनचा महिना, शाळा-कॉलेजांचे प्रवेश, बाहेर मुसळधार, काउंटरवर ओल्या छत्र्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले दाखले. माझ्या हातातला स्टेपलर मात्र दर चौथ्या-पाचव्या संचाला तोंडात वाकडी पिन धरून बसलेला. मी त्याला काउंटरवर आपटायचे, तो आणखी रुसायचा. शेवटी मालक म्हणाले, "बाये, आपटून काय होणार? कागद उलटा कर नि बघ काय झालंय ते."

पुढे जे लिहिलंय ते त्या एका वाक्यातून शिकलेलं आहे. कचेरीत, शाळेच्या कार्यालयात, वकिलाकडे किंवा दुकानात नुकतेच लागलेले जे कोणी आहेत त्यांच्यासाठी. घरी मुलांच्या प्रोजेक्टपुरता स्टेपलर वापरत असाल तरी पहिले पाच मुद्दे उपयोगी पडतील.

आधी हे जवळ ठेवा

- दहा नंबरचा छोटा स्टेपलर आणि त्याच्याच पिना
- २४/६ चा मध्यम स्टेपलर आणि त्याच्या पिना. डब्या वेगळ्या ठेवा, पिना एकत्र ओतू नका
- पिना काढायचा चिमटा
- निमुळत्या तोंडाची पक्कड, इलेक्ट्रिशियनकडे असते तशी, लहान
- शिवणयंत्राचं तेल आणि जुना सुती कपडा
- एक लोहचुंबक. बिघडलेल्या स्पीकरमधला चालतो
- उपटलेल्या पिनांसाठी झाकणाची डबी

जाड फाइली रोज येत असतील तरच लांब दांड्याचा हेवी ड्यूटी स्टेपलर घ्या. एरवी तो कपाटावर धूळ खातो.

१. आत काय घडतं ते एकदा बघून घ्या

स्टेपलर उघडा, कागद न घालता, हळूच दाबा. पिना एका पन्हळीत बसलेल्या दिसतील. मागे स्प्रिंग आणि एक लहानसा तुकडा आहे, तो पिनांची पट्टी सतत पुढे ढकलत असतो. पट्टीतल्या पिना एकमेकींना गोंदाने हलक्याच चिकटवलेल्या असतात. वरच्या भागाला पुढच्या टोकाशी एक पोलादी पातं असतं, त्याची जाडी जवळपास एका पिनेएवढी. तुम्ही दाबता तेव्हा हे पातं सगळ्यात पुढच्या पिनेवर उतरतं, तिला पट्टीपासून तोडतं आणि कागदातून खाली घालतं.

पिनेचे दोन पाय कागदाखाली येतात ते एका छोट्या ऐरणीवर. हिच्यावर दोन वळणदार खाचा असतात. पाय खाचेत शिरले की वळणावरून घसरत आत मुडपतात आणि कागद बांधला जातो. हात उचलला की पातं वर जातं आणि स्प्रिंग पुढची पिन त्या जागी आणून ठेवते.

म्हणजे सरळ पातं, मोकळी पन्हळ, जागेवर बसलेली ऐरण आणि योग्य मापाची पिन, एवढंच लागतं. यातलं एक जरी चुकलं तरी त्याची खूण कागदाच्या मागच्या बाजूला उमटते.

काही टेबल-स्टेपलरांची ऐरण खालून बटण दाबून अर्धा फेरा फिरवता येते. दुसऱ्या बाजूच्या खाचा पाय बाहेरच्या अंगाला पसरवतात. नव्या माणसाला वाटतं यंत्र बिघडलं. तसं नाही, ती सोय तात्पुरत्या जोडणीसाठी आहे. अशी पिन बोटाने ओढली तरी निघते, कागद फाटत नाही. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाची मुलं ऐरणीशी खेळून ती फिरवून ठेवायची आणि मी पुढचे दहा संच सैल बांधायचे.

२. डबीवरचे आकडे वाचा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. २४/६ मधला पहिला आकडा तारेच्या जाडीचा. तारेच्या गेजचा हिशेब उलटा असतो, आकडा जितका लहान तितकी तार जाड. म्हणून २६ ची तार २४ पेक्षा बारीक आणि २३ ची जाड. दुसरा आकडा पायाची लांबी, मिलिमीटरमध्ये. २४/६ म्हणजे ६ मिलिमीटर पाय, २३/१३ म्हणजे १३ मिलिमीटर.

दहा नंबर या हिशेबात बसत नाही. ते एका मापाचं नाव आहे. पिन अरुंद, पाय ५ मिलिमीटरचे. एका डबीत साधारण १००० पिना असतात, ५० च्या २० पट्ट्या.

२४/६ आणि २६/६ यांची रुंदी सारखी, त्यामुळे बऱ्याच यंत्रांत दोन्ही चालतात. चालतात की नाही ते यंत्राच्या अंगावर किंवा खोक्यावर लिहिलेलं असतं. दहा नंबरची पिन मात्र मोठ्या स्टेपलरमध्ये घालू नका. ती पन्हळीत जाते, म्हणून माणूस फसतो. आत ती डुगडुगते, तिरकी होते आणि पात्याखाली आडवी अडकते.

बाजारात जाताना रिकामी डबी किंवा पट्टीचा तुकडा बरोबर न्या. "स्टेपलरच्या पिना द्या" एवढंच सांगितलंत तर दुकानदार दहा नंबरच देईल, कारण बहुतेकांना तेच हवं असतं.

३. पानं मोजा

प्रिंटरच्या साध्या कागदाचं ५०० पानांचं रिम सुमारे ५ सेंटिमीटर जाड भरतं. म्हणजे १० पानांना १ मिलिमीटर. हा एक आकडा लक्षात ठेवा.

पिनेचे पाय कागदातून बाहेर आल्यावर मुडपायला साधारण ३ मिलिमीटर उरले पाहिजेत. दहा नंबरचे पाय ५ मिलिमीटरचे, त्यातून ३ गेले, उरले २. म्हणजे २० पानं. २४/६ ला ३० पानं. याच हिशेबाने २३/८ ला ५०, २३/१० ला ७० आणि २३/१३ ला १०० पानं. डब्यांवर छापलेले आकडेही याच्या आसपासच असतात.

दहा नंबरने ४० पानं बांधायला गेलात तर पाय जेमतेम १ मिलिमीटर बाहेर येतील आणि मुडपणारच नाहीत. तरीही माणूस जोर लावतो. जोराने पाय लांब होत नाहीत, पातं मात्र वाकतं. माझ्या हातून एक स्टेपलर असाच गेला, जमिनीच्या दाव्याची साठेक पानांची प्रत बांधताना. गिऱ्हाईक घाईत होतं, कोर्टात साडेदहाची वेळ होती, आणि मोठा स्टेपलर आतल्या खोलीत. आठ पावलं वाचवायला गेले.

उलटी चूकही होते. १३ मिलिमीटरची पिन दहा पानांना मारली तर लांब पाय मुडपून एकमेकांवर चढतात आणि कधी कधी टोक परत वर, पहिल्या पानातून बाहेर येतं. बोटाला टोचल्यावरच कळतं.

कार्ड, फोटो किंवा जाड मुखपृष्ठ असेल तर पानांचा आकडा विसरा, मोजपट्टीने जाडी मोजा.

४. पिन कुठे आणि कशी मारायची

पानं आधी टेबलावर दोन बाजूंनी ठोकून सारखी करा. मराठी, इंग्रजी मजकुराला वरचा डावा कोपरा, दोन्ही कडांपासून सुमारे १ सेंटिमीटर आत, आणि पिन तिरकी. तिरकी का? पान उलटताना कोपरा जसा दुमडतो त्या घडीला पिन समांतर राहते, दोन्ही पायांवर सारखा ताण येतो. आडवी किंवा उभी मारली तर पानं उलटताना एकाच पायावर ओढ बसते आणि आठवड्याभरात पहिलं पान सुटतं.

पण कागद पुढे फाइलीत टॅगने लागणार असतील तर आधी भोकांची जागा बघा. मामलेदार कचेरीत दिलेल्या अर्जांना तिथला कारकून पंच मारतोच, आणि पंचाच्या तोंडात तुमची पिन आली तर पंचाची धार जाते. त्याचा राग तुमच्या अर्जावर निघू नये एवढंच बघायचं.

स्टेपलर हातात उचलून चिमटीत दाबण्यापेक्षा टेबलावर ठेवा. तळहाताचा मनगटाकडचा भाग पुढच्या टोकावर, पात्याच्या बरोबर वर ठेवा आणि एका दमात खाली न्या. अर्धवट दाबून थांबलात की पिन अर्ध्यात अडकते. आपटण्याचीही गरज नाही. पक्कडीसारखा हातात धरायचा स्टेपलर असेल तर तो अर्थात हातातच दाबायचा.

५. कागद उलटा करा

आता मालकांचं वाक्य. पहिली पिन मारल्यावर मागची बाजू बघायची सवय लावा. मी आजही नव्या डबीतली पहिली पिन रद्दी कागदावर मारते आणि उलटून बघते. खुणा अशा वाचायच्या.

*दोन्ही पाय आत वळलेले, कागदाला टेकलेले.* सगळं ठीक. कामाला लागा.

*पाय बाहेरच्या अंगाला पसरलेले.* ऐरण फिरलेली आहे. खालचं बटण दाबून अर्धा फेरा फिरवा.

*एक पाय मुडपलेला, दुसरा सरळ उभा किंवा चुरगळलेला.* बहुतेक वेळा तुमचा हात एका बाजूला कलतो आहे. मधोमध दाबून बघा. तरी तसंच आलं तर वरचा आणि खालचा भाग एका रेषेत राहिलेला नाही. मागचा खिळा सैल झाला असेल, किंवा स्टेपलर एकदा खाली पडला असेल. वर-खालचा भाग हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा, खेळ जाणवेल.

*पाय बाहेर आलेत, पण मुडपलेच नाहीत.* पानं जास्त आहेत किंवा पूर्ण दाबलेलं नाही.

*पाय दिसतच नाहीत आणि पुढून पिनेची पाठ कमानीसारखी वर आलेली.* पानं फारच जास्त. पिन उपटा, मोठ्या स्टेपलरकडे जा.

*पिनेची पाठ मध्ये खचून इंग्रजी एमसारखी झालेली.* तार कागदाच्या मानाने बारीक आहे. जाड कार्डाला २६ ची पिन मारली की हे हमखास होतं. २४ किंवा २३ घ्या.

*एकावेळी दोन पिना.* पट्टी चुकीच्या मापाची, किंवा पन्हळीचं तोंड झिजून रुंद झालंय. पहिलं कारण डबी बदलून सुटतं. दुसऱ्याला उपाय नाही.

*काहीच आलं नाही, नुसते दोन दाते उमटले.* पिना संपल्यात, किंवा पट्टीचा उरलेला दोन-तीन पिनांचा तुकडा तिरका झालाय. हे तुकडे फार छळतात. नवी पट्टी घालण्याआधी ते सरळ आहेत ना बघा, वाकडे असतील तर फेकून द्या. तीन पिनांची बचत करण्यात अर्थ नाही.

६. अडकलेली पिन काढताना

तोंड स्वतःच्या डोळ्यांकडे धरून आत डोकावू नका. सगळे हेच करतात. स्प्रिंग ताणलेली असते, पिन उडू शकते.

वरचं झाकण पूर्ण उघडा. ढकलणारा तुकडा मागे ओढून धरा आणि पट्टी बाहेर काढा, म्हणजे दाब जाईल. आता निमुळत्या पक्कडीने अडकलेली पिन पुढच्या तोंडातून सरळ खाली ओढा. तिरकी ओढलीत तर पन्हळीची कड वाकते आणि मग रोज अडकते. सुरीचं टोक किंवा कंपासचं टोक घालून उचकटू नका. माझ्या आधीच्या मुलाने तसं केलं होतं, आणि त्या स्टेपलरची तोंडाची कड पुन्हा कधी सरळ झाली नाही.

पिन निघाल्यावर पातं बोटाने वर-खाली करून बघा. चिकटत असेल तर तेलाचा एक थेंब, कपड्याच्या टोकावर घेऊन. थेट तेल ओतलंत तर पुढच्या पाच-सहा संचांच्या कोपऱ्यांवर पिवळे डाग पडतात आणि गिऱ्हाईक विचारतं, "भजी खात होतीस की काय?"

७. पिन उपटणं

नखाने उपटू नका. पिन गंजलेली असेल आणि बोटात शिरली तर जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

दातेरी चिमटा पुढून पिनेच्या पाठीखाली घालून ओढला की पिन निघते, पण पातळ कागदाचा कोपराही बरोबर येतो. जपायचा कागद असेल तर उलटा करा, आधी दोन्ही पाय सरळ उभे करा, मग पुढून पाठ उचला. छोट्या स्टेपलरच्या शेपटीकडे जी पत्र्याची जीभ असते ती याच कामाची. मला ती काय आहे हे कळायला वर्ष लागलं. मी समजत होते ती नुसती शोभेची.

झेरॉक्स किंवा स्कॅनला येणारे कागद फीडरमध्ये घालण्याआधी प्रत्येक पिन काढा, आणि काढली की डबीत टाका. एक पिन राहिली तर रोलर फाटतो किंवा काचेवर ओरखडा पडतो, आणि मग येणाऱ्या प्रत्येक प्रतीवर काळी रेघ. कोपऱ्यांवरून बोट फिरवून बघा, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.

जमिनीवर पडलेल्या पिनांवरून संध्याकाळी चुंबक फिरवायचं. पिनांसकट कागद बाहेर उकिरड्यावर टाकू नका. आपल्याकडे गुरं बाजारभर मोकळी फिरतात, कागद खातात. गिळलेली तार गाईच्या पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात अडकते, तिथून कप्पा भेदून हृदयापर्यंतही जाऊ शकते. पशुवैद्यांना हा आजार चांगला माहीत आहे.

८. कुठे पिन मारूच नये

मूळ दाखले, विक्रीखतं, जुने कागद. प्रतींना हवी तेवढी मारा, मुळाला नाही. जन्मदाखल्याची मूळ प्रत अर्जाला स्टेपल करून द्यायला निघालेली माणसं मी दर जूनमध्ये अडवते.

चेकला नको, खालच्या पांढऱ्या पट्टीवरच्या चुंबकीय शाईच्या आकड्यांवर तर नकोच. ते मशीन वाचतं.

फॉर्मवरच्या फोटोला नको. "फोटो चिकटवा" म्हणजे गोंद. चेहऱ्यातून गेलेल्या पिनेमुळे फॉर्म परत आलेले पाहिलेत.

नोटांना नको. पूर्वी बँकेतून मिळणारी नोटांची पुडकी स्टेपल केलेली असायची, उचकटताना नोटा फाटायच्या. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००१ मध्ये बँकांना ते बंद करून कागदी पट्टी लावायला सांगितलं. हातोहाती नोटा बांधताना लोक अजून मारतात, आपण मारू नये.

खाण्याच्या पुडीला नको. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये टी-बॅगांना पिन लावणं बंद करायचा आदेश काढला तो याच भीतीने, की पिन पोटात जाईल. फरसाणाच्या पिशवीला दोरा बांधा.

९. पावसाळ्याचं काय?

जून ते सप्टेंबर गोव्यात बिस्किटं मऊ पडतात तिथे पिना काय टिकणार! पिनेवर जस्ताचा पातळ मुलामा असतो. तो जिथे खरवडला जातो, म्हणजे मोडीवर आणि टोकांवर, तिथे आधी गंज धरतो. कागदावर तांबडा डाग उतरतो, पुढे तिथलाच कागद ठिसूळ होऊन तुटतो. किनाऱ्याकडच्या गावांत खारट हवेमुळे हे आणखी लवकर होतं.

उघडी डबी टेबलावर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या बरणीत पिना ठेवा, बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या आत टाका. वर्षानुवर्षं ठेवायच्या कागदांना, एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमिनीच्या) उताऱ्यांच्या जुन्या प्रती वगैरे, पिनच नको. पारदर्शक पिशवीत सुटे ठेवा, नाहीतर दोऱ्याने शिवा. ठेवणीतल्या पिना गंजलेल्या दिसल्या तर त्या स्टेपलरमध्ये घालू नका. गंजाने पट्टी पन्हळीत सरकत नाही, आणि तुम्ही पुन्हा सहाव्या मुद्द्यावर याल.

१०. आरतीची पुस्तिका आणि मखर

चवथीच्या आधी भजनी मंडळांची पोरं येतात, "ताई, आरत्यांची पुस्तिका करून द्या." ए-फोर कागद मधे दुमडून घडीवर दोन पिना मारायच्या. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. लांब हाताचा स्टेपलर नसेल तर असं करा. पुस्तिका उघडी, मुखपृष्ठ वर करून थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवा. स्टेपलर पूर्ण उघडून सपाट करा, ऐरण बाजूला. घडीवर पिन मारा, पाय थर्माकोलमध्ये घुसतील. पुस्तिका अलगद उचला, उलटी करा आणि पाय चमच्याच्या पाठीने आत मुडपा. दोन पिना, वरून आणि खालून पाव अंतरावर. आठ ताव, म्हणजे ३२ पृष्ठांची पुस्तिका अशी झकास होते.

नोटीस बोर्डावर किंवा मखराच्या प्लायवर कागद लावायलाही स्टेपलर असाच सपाट उघडतात. नरम लाकडात पिन बसते, सागवानात वाकते. मखर उतरवताना मात्र सगळ्या पिना मोजून काढा, अनवाणी माणसं वावरतात तिथे.

गिऱ्हाइकं विचारतात ते दोन प्रश्न

*बिनपिनेचा स्टेपलर घ्यावा का?* तो कागदालाच छोटी जीभ कापून ती दुमडून खाचेत अडकवतो. पाच-सहा पानांना छान, गंजाची भीती नाही. पण कोपऱ्याला भोक पडतं आणि जास्त हाताळलं की सुटतं. घरच्या कामाला घ्या, कचेरीच्या नको.

*जपानमध्ये याला वेगळं नाव आहे म्हणे?* हो, होचकिस म्हणतात, एका अमेरिकन कंपनीच्या नावावरून. आपण प्रत काढण्याला झेरॉक्स म्हणतो तसंच. गोव्यात पिन मारायला आलेला माणूस मात्र नुसतं "हे जरा टॉक करून दे" म्हणतो, आणि आम्हाला कळतं.